आपाचं दूध

मी खुलताबाद सोडलं त्या सकाळी दारात जीप उभी होती आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न मारत होता. अब्बा टपावर बॅगा बांधत होते. अम्मी माझ्या दंडाला नाणं शिवलेली हिरवी पट्टी बांधत होती. प्रवासाला निघालेलं माणूस सुखरूप पोचावं म्हणून आमच्यात ती बांधतात. या सगळ्या गडबडीत माझी तीन महिन्यांची सानिया भुकेनं किंचाळायला लागली. तिची बाटली नेमकी सगळ्यात खालच्या बॅगेत गेलेली. अब्बांनी पुटपुटत परत दोऱ्या सोडायला घेतल्या.

माझी मोठी बहीण सईदा, म्हणजे आमची आपा, उंबऱ्यापाशी उभी होती. कडेवर तिचा जुनेद. सानियाचं रडणं चढत गेलं तसा आपाचा कुर्ता पुढून ओला झाला. दुसऱ्याचं लेकरू रडलं तरी अंगावर पाजणाऱ्या बाईला पान्हा फुटतो, त्यावर तिचा इलाज नसतो. तिनं पटकन ओढणी पुढं ओढली. पण मी पाहिलं होतं, आणि अम्मीनंही पाहिलं होतं. बाटली निघाली, थर्मासमधलं पाणी निघालं, पावडर मिसळून झाली आणि पोरगी गप झाली. मग आम्ही निघालो.

तेव्हापासून मी शारजात आहे. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, आता काय त्याचं? होऊ देत. मला अजून तो ओला कुर्ता दिसतो. आमच्या घरात बोलणं दखनी उर्दूत, पण शाळा माझी मराठी, जिल्हा परिषदेची, त्यामुळं लिहायला बसलं की हात मराठीतच चालतो. इथं माझ्या घरात मराठी वाचणारं कुणी नाही. तिकडं आपा आहे, ती वाचील. आणि तान्ही लेकरं घेऊन माझ्यासारख्या विमानात बसलेल्या पुष्कळ बाया आहेत, त्यांनीही वाचावं.

सानिया झाली औरंगाबादच्या दवाखान्यात. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. सिझर झालं, वर मला ताप भरला. दूध म्हणाल तर नावाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लावत राहा, घाबरू नका, येईल." मी खुलताबादला माहेरी आले आणि लावत राहिले. अम्मीनं सुक्यामेव्याचा गरम हरीरा पाजला, डिंक खाऊ घातला, मेथीची भाजी तर इतकी की घामाला मेथीचा वास यायला लागला. पोरगी ओढायची, थकायची, आणि मग चिडून पाठ अशी ताठ करायची की मला वाटायचं हिला माझा रागच आलाय. माझी छाती चिरलेली. मी रडायचे, ती रडायची, आणि अम्मी आम्हा दोघींवर खेकसायची.

आणि आपाला? बाप रे! जुनेद सहा-सात महिन्यांचा, गुटगुटीत, तो पोटभर पिऊन उरायचं. ती मोरीत बसून पिळून टाकायची. एका घरात एका बाजूला दूध मोरीत जातंय आणि दुसऱ्या बाजूला लेकरू उपाशी. एका दुपारी आपाला राहवेना. तिनं सानियाला उचललं, मांडी घातली आणि ओढणी बाजूला केली. अम्मी चुलीपासून धावत आली, हातात चिमटा तसाच.

"सईदा, नक्को! एक घोट भी नक्को! दूध पिली तो बच्चे भाई-भैन हो जाते!"

आमच्यात ज्या बाईचं दूध लेकरानं प्यायलं ती त्याची आई होते आणि तिची पोरं त्याची सख्खी भावंडं. मग त्यांचं आपसांत लग्न होत नाही, कधीच नाही. आणि अम्मीनं मी पोटुशी असतानाच ठरवून टाकलं होतं की मुलगी झाली तर जुनेदला द्यायची. खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी मुलगी देण्यात आमच्यात नवल काहीच नाही. दोन बहिणींची घरं एक राहतात.

आमच्या शेजारच्या सुमनकाकू, शेतकरी घरातल्या, रोज पोरीला बघायला यायच्या. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, बहिणीचं दूध काय परकं व्हय? लेकराची भूक आज आहे, अन् तुम्ही लग्नं लावत बसलाव! लई झालं तुमचं." अम्मी नुसती हसली. तिला त्यात वाद घालण्यासारखं काही वाटलंच नाही.

आणि मला? खरं सांगायचं तर मला अम्मीचं पटलं होतं. सानियाचे अब्बा आधीच शारजात होते, एका छापखान्यात हिशेब बघायचे. आमचा व्हिसा कधीही येणार होता. मला जायचं होतं आणि जायचं नव्हतं. अम्मी रोज म्हणायची, "तू जाती तो जा, मगर येको हमकू वापस देना." मला ते ऐकून धीर यायचा. पोरगी इथं सून म्हणून येणार म्हटल्यावर माझं खुलताबाद सुटणारच नाही, असा माझा हिशेब. मी विहीण म्हणून येईन, बाळंतपणाला येईन, नातवंडांना बघायला येईन. परत यायची वाट मी पोरीच्या नावावर राखून ठेवली. ती बिचारी तेव्हा मूठभर होती.

मग अब्बांनी शहरातून पावडरचा डबा आणला. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी कधीतरी यायचं, तेही गढूळ. आम्ही गाळायचो, उकळायचो, बाटल्या उकळायचो, तरी पोरीला जुलाब लागलेच. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले. शेजारची जीप काढली आणि घाट उतरून शहराकडं निघालो. मागच्या सीटवर मी आणि आपा, मांडीवर सानिया. ती रडतही नव्हती. मी सारखं तिच्या नाकाशी बोट धरून बघत होते. दौलताबादच्या वळणावर आपानं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "नसीम, तू सिर्फ हौ बोल. अम्मी को मैं देख लेती."

मी म्हणाले, "दवाखाना आताच येईल, आपा."

झालं. एवढंच बोलले. अम्मी त्या जीपमध्ये नव्हतीसुद्धा. डॉक्टरांनी सलाईन लावलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं, बाटली कशी धुवायची ते मला परत शिकवलं, आणि दोन दिवसांत पोरगी हातपाय झाडायला लागली. घरी सगळ्यांनी अल्लाचा शुक्र मानला. आपानं पुन्हा तो विषय कधीच काढला नाही.

एक मात्र सांगते. पावडरला नावं ठेवायची नाहीत मला. इथं शारजाला आल्यावर माझं होतं तेवढं दूधही आटलं आणि सानिया पूर्ण डब्यावर वाढली. आमच्या बिल्डिंगखाली बकाला होता, म्हणजे किराण्याचं दुकान. फोन केला की पोऱ्या डबा वर आणून द्यायचा. एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, एक किचन, तिथं मी आणि केरळची एक बाई शेजारी शेजारी बाटल्या उकळायचो. पोरगी माझ्यापेक्षा उंच झाली, दात चांगले, डोकं चांगलं, तोंड तर विचारूच नका. जिला दूध येत नाही तिला जे टोमणे मारतात त्यांच्याशी मी आजही भांडते. माझा पस्तावा पावडरचा नाहीच. माझ्या पोरीला आणखी एक आई मिळत होती, ती मी मिळू दिली नाही, त्याचा आहे.

आम्ही दर दोन वर्षांनी सुट्टीत जायचो. सुरुवातीला जुनेद आणि सानिया सगळ्या पोरांत धुळीत लोळायची, अंजिराच्या झाडावरून पडायची. मग बायांची तोंडं सुटली. सानिया दारात आली रे आली की कुणीतरी ओरडायचं, "आली बघा जुनेदची दुल्हन!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, मूर्खासारखी. ती दहा-अकरा वर्षांची असताना मला म्हणाली, "मम्मा, मला खालाकडं नाही जायचं. सगळे हसतात." तेव्हापासून जुनेद अंगणात असला की ही खोलीत, आणि ही अंगणात आली की तो सायकल काढून गायब. एकमेकांना दिलेली म्हणून ती दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

आणि लग्न? लग्न कशाला होतंय! जुनेदला त्याच्या कॉलेजातली मुलगी आवडली, त्यानं आईला सरळ सांगून टाकलं. इकडं सानियाला मी भीत भीत विचारलं तर आधी ती हसत सुटली आणि मग भडकली. "आर यू सिरीयस, मम्मा? मी त्याच्याशी धड चार वाक्यं बोललेली नाही." आपाचा फोन आला, ती रडत होती, माफी मागत होती. मी म्हणाले, वेडी आहेस का, पोरं खूश तर आपण खूश. फोन ठेवला आणि मग मात्र मला भडभडून आलं. ज्याच्यासाठी दूध नाकारलं होतं ते तर गेलंच, आणि दूधही कधीच गेलेलं.

गेल्या हिवाळ्यात जुनेदच्या लग्नाला आम्ही मायलेकी गेलो. नवरदेव घरातून निघतो तेव्हा बहिणी त्याच्या डोक्यावर ओढणीचं छत धरून दारापर्यंत चालतात. आपाला मुलगी झालीच नाही. कुणीतरी हाक मारली, "अरे, बहिणी कुठंयत? ओढणी धरा!" सानिया पुढं झाली. तिनं एक टोक धरलंसुद्धा. तेवढ्यात आमच्या चुलत मामी माझ्या कानाशी लागल्या, पण आवाज सगळ्यांना जाईल असा. "इसकी तो बात चली थी ना उससे? लडकीवाले क्या बोलेंगे?"

सानियानं टोक सोडलं. सुमनकाकूंच्या नातीनं ते उचललं. ती लहानपणापासून जुनेदला राखी बांधते, तिला कोण काय म्हणणार! चार पोरी हसत हसत त्याला दारापर्यंत घेऊन गेल्या, आणि माझी पोरगी भिंतीला टेकून मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढत राहिली. आपा माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं.

रात्री पाहुणे पांगल्यावर अम्मीनं सानियाला आपल्या खाटेवर बसवलं. अम्मीला आता नीट दिसत नाही. ती सानियाचा हात चाचपत आपाला म्हणाली, "पीने देना था मैं, सईदा. कम से कम तेरी बेटी तो रहती ये." सानियाला काहीच कळेना. कुणी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. मग आपानं सांगितलं, मोरीतल्या दुधापासून जीपमधल्या माझ्या बोलण्यापर्यंत सगळं, शांतपणे, तांदूळ निवडावेत तसं. सानिया ऐकत राहिली. मला वाटलं, आता माझ्याकडं वळून काहीतरी म्हणेल. ती फक्त आपाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, आणि आपानं तिच्या केसांवरून हात फिरवताना हात मध्येच थांबवला, आपला हक्क आहे की नाही, अशा संकोचानं.

निघताना जुनेद आम्हाला चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडायला आला. गुणी पोरगा. बॅगा त्यानंच ट्रॉलीवर चढवल्या, मला सलाम केला, माझ्या गळ्यात पडला. सानियाकडं मात्र त्यानं मान वर करून बघितलं नाही. "आप लोग पहुंचे तो खाला के फोन से बता देना," एवढंच तिला म्हणाला. तिचा नंबरसुद्धा त्याच्याकडं नाही.

शारजाला पोचलो. लिफ्टमध्ये आमची केरळची शेजारीण भेटली, तीच, बाटल्या उकळणारी. तिनं सानियाकडं बघत हसून विचारलं, "घरी कसं होतं?" मी लगेच सुरू झाले, लग्न, जेवण, थंडी, आपाची नवी सून. आमचा मजला आला. सानियानं दाराचं कुलूप काढलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मम्मा, तिनं मला विचारलं होतं."

मी माझी बॅग आत घेतली.

"तुझं घर तिकडं आहे. अब्बा म्हणतात त्यांचं घर म्हणजे तू आणि मी. माझं कुठंय ते मला सांगताच येईना." मग बॅग आत ओढत ती म्हणाली, "खालाचं दूध प्यायले असते तर ते माझं पण घर असतं ना?"

मी हौ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.