बंद दाराचा शेवटचा शॉट

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. मानणार कशी? आमच्या कळमनुरीतली निम्मी भुतं मीच तयार केलीत, हॉटेलात चहा पीत पीत. पण हे मात्र मी वाढवून सांगणार नाही... फार नाही.

पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार. लग्नाचे फोटो काढायचा माझा धंदा. जवळा बाजारचा गौतम माझा वर्गमित्र. बापाच्या अंगावर हात टाकून तो मुंबईला पळाला होता. सहा वर्षांनी आला तो धड जेवेना, स्वतःशीच पुटपुटायचा — आणि बगलेत कुणाकडून तरी मागून आणलेला सिनेमाचा कॅमेरा. बाहेरगावाहून आलेल्याच्या पायावर पाणी घातल्याशिवाय आमच्याकडं घरात घेत नाहीत. त्याच्या बापानं, किसनकाकांनी, त्याला बघितलं आणि दार लावून घेतलं. मग तो माझ्या दुकानात राहिला.

तिथंच त्यानं फिल्म काढायला घेतली. घरी परतणारं पोरगं — म्हणजे तोच. जवळ पैसा नाही, फिल्मला आवाज नाही. पण डोकं असं, की बैलगाडीवर कॅमेरा बांधून त्यानं ज्वारीचं रान आपल्या अंगावर चालत आणलं. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

शेवटी बाप दार उघडून पायावर पाणी घालतो, असं ठरलं होतं. मी काकांना विचारायला गेलो.

"त्याला सांग, दार बंदच हाय," ते म्हणाले.

मग बंद दारच घेतलं. समोर गौतम पाठमोरा. कॅमेरा मी धरला होता, रीळ संपेपर्यंत. दार हललं नाही.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी, कापसाच्या गोदामात खिडक्यांना पोती लावून खेळ केला. माणसं दोन हजार... बरं, दोनशे. पडद्याशेजारी उभं राहून सगळ्यांचं बोलणं मीच बोललो, बायकांचंसुद्धा. किसनकाकांना गावकऱ्यांनी ढकलत आणलं होतं. ते मागं उभे.

शेवटचं दार आलं. मी गप्प झालो.

आणि दार उघडलं. पडद्यावर किसनकाका तांब्या घेऊन बाहेर आले, वाकले, पोराच्या पायावर पाणी घातलं... हळूहळू, बोटं चोळून. मी वळून बघितलं. खरे काका मागंच उभे, धोतराचा सोगा तोंडाशी.

पोती काढली. काका गौतमजवळ आले.

"म्या हे कवा केलं रं?"

गौतमनं नाही म्हणून मान हलवली.

"केलं न्हाई ना? मंग चल घरी. कराया लागंल."

दुसऱ्या दिवशी रीळ उजेडात धरून मी एकेक चित्र तपासलं. बंद दार, शेवटपर्यंत. पुढं कितीदा तरी ती फिल्म दाखवली, पुन्हा ते उघडलं नाही. एक मास्तर म्हणाले, पोत्याच्या भोकातून ऊन आलं असेल. असेल. पण ऊन तांब्या घेऊन येतं का? मला आजही सांगता येत नाही.

पुढं मी गौतमला म्हणालो, आता काका राजी आहेत, तेवढा शॉट घेऊन टाकू.

"काहून?" तो म्हणाला. "झाला की तो."