सुकन्याची पात

धुरपताबाईशी मी दर दसऱ्याला भांडते. लातुरात शाळेत शिकवताना पोरांवर काढता येत नाही तो राग मी औशाजवळच्या आमच्या रानात नेऊन ओतते, असं आमचे हे म्हणतात. ते काही खोटं नाही. पण या बाईपुढं माझा राग कधी टिकला नाही.

ती साठीला आलेली, ठेंगणी, काटक बाई. गावातल्या बाया जमवून सोयाबीन काढायचं गुत्तं घेते, म्हणजे एकराचा भाव ठरवून अख्खं रान अंगावर घेते. आलेल्या पैशाचे जितक्या बाया तितके सारखे वाटे. टोळीची मुकादम असूनही तिला वाटा एकच. यात तिला काही विशेष वाटत नाही, आणि दुसऱ्या कुणाला वाटलेलं तिला आवडत नाही.

मागच्या साली वाटे पडताना मी बांधावर बसले होते. बाया बारा आणि वाटे तेरा. मला वाटलं, मास्तरीण असून माझंच गणित चुकलं. एक वाटा कुणी उचलेना, म्हणून मी विचारलं, "हा कुणाचा?"

"सुकन्याचा," धुरपताबाई म्हणाली. "ती नांदेडला शिकायली हाय न्हवं का."

सुकन्या याच टोळीतली पोर. सोयाबीन काढत काढत औशाला बीएस्सी झाली आणि नांदेडला एमएस्सीला नंबर लागला. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती येणार वर्ष सरल्यावर, आणि कॉलेजला फी हवी होती आधी. बँकेनं कर्जाला जामीनदार मागितला. बापाचं दोन एकर कोरडवाहू रान, त्याच्या ओळखीत जामीन राहील असं कोण असणार? पोर बॅग घेऊन परत आली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक असतं. तेव्हा धुरपताबाई तिला म्हणाली, "तू जा. तुझी पात आमी ओढतो."

रानात प्रत्येक बाईच्या वाट्याला काही ओळी येतात, ती तिची पात. एखादी लेकराला पाजायला बसली की दोन्ही अंगच्या शेजारणी तिची पात आपल्याबरोबर पुढं ओढतात. तिचा वाटा कापला जात नाही. अट एकच, सुरुवातीला तिनं पातीला उभं राहून पहिली मूठ स्वतः कापायची. हात लागल्याबिगर वाटा नाही. नांदेडला बसलेली सुकन्याही या अटीतून सुटली नव्हती. गुत्तं सुरू होणार म्हटलं की ती एसटीनं यायची, पहिली मूठ कापायची आणि परत वर्गात जाऊन बसायची. पहिल्या वर्षाची फी अशी भरली गेली.

यंदा दुसऱ्या वर्षाची फी थकली होती, शिष्यवृत्तीचा अजून पत्ता नव्हता. ती भरल्याशिवाय तिला पुढच्या परीक्षेचा अर्ज भरता येणार नव्हता, आणि भिस्त सगळी आमच्या रानावर, कारण मोठं गुत्तं तेवढंच. सुरू करायच्या दिवशी मी सकाळीच पोचले तर बाया लिंबाखाली बसलेल्या, विळे कमरेला. आणि उदगीरच्या बाजूनं आभाळ भरून आलेलं.

"काय झालं?"

"उद्या सकाळी धरतो, बाई. सुकन्याचा आज पेपर हाय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, वर बघा जरा. भिजलं तर शेंगांतच कोंब फुटतील. तिच्याशिवाय सुरू करा आणि वाटा देऊन टाका. कोण विचारणारंय?"

"हात लागला न्हाई तर वाटा कशाचा?"

"इतके नियम कोर्टातसुद्धा नसतात, धुरपताबाई."

"हाव, नसतील."

मी रागारागानं म्हणाले, "मग मीच भरते तिची फी. झालं?"

ती उठून माझ्याजवळ आली. बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली. "बाई, तुमी मनानं लई चांगल्या. पर तुमी दिल्याव पोर तुमच्या दारात मान खाली घालून येईल. आमी दिल्याव आमच्या दारात. वाट्याचं तसं न्हाई. वाटा तिचा सोताचा."

एवढ्यात शेजारच्या रानातून माणूस आला. आभाळ बघून त्याचीही घाई चालली होती, आमच्याहून चढा भाव द्यायला तो तयार होता. बायांनी धुरपताबाईकडं पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिथंही पहिली मूठ सुकन्याविना कापावी लागली असती. दिवसाची मजुरी सोडून बारा बाया घरी गेल्या, आणि एकीनंही कुरकुर केली नाही. मी बांधावर एकटी उरले. शाळेत इतकी वर्षं मुलांना एकी शिकवली, पण ती अशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

पाऊस पडला नाही. ढग दिवसभर नुसते गुरगुरले.

दुसऱ्या दिवशी उजाडता सुकन्या पातीला उभी होती, पाठीला कॉलेजची बॅग तशीच. तिनं वाकून पहिली मूठ कापली आणि खाली ठेवली. मग थांबेनाच. दुसरी कापली, तिसरी कापली.

"आत्या, आलेच हाय तर दुपारपर्यंत काढते. आभाळ हाय."

"दुसरा पेपर कधी?"

"उद्या."

धुरपताबाईनं तिच्या हातातला विळा काढून घेतला. "पळ मग. यष्टी चुकंल."

सुकन्या तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. धुरपताबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही. शेजारणी पात ओढायला सरकल्या, त्यांना तिनं हातानं थांबवलं. "तुमी आपल्या आपल्या धरा. हिची मी वढते." पोरीला फाट्याकडं जाताना सगळ्यांनी पाहिलं, धुरपताबाई तेवढी वाकलेली राहिली.

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. ती वाकलेली होती, आणि तिच्यापुढं दोन पाती होत्या.