मौताच्या हिरीचं तिकीट

माझ्या थोरल्या भावावर मी आयुष्यात एकदाच संशय घेतला. तो जत्रेचे तीन दिवस टिकला. त्या दिवसांत मी त्याच्याशी धड बोलले नाही, त्याला वाढताना त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही आणि शेवटी तो अंघोळीला गेला असताना त्याची ट्रंक उघडली.

तेव्हा मी आमच्याच गावच्या शाळेत शिकवत होते. म्हसवडपासून चालत तास-दीड तासावरचं गाव. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. लोकांच्या हातात थोडा पैसा खेळायला लागला होता, त्यामुळं जत्रेत दरवर्षी काहीतरी नवीन यायचं. आधी आकाशपाळणा आला, मग हलत्या आरशांचा तंबू. त्या वर्षी पहिल्यांदाच ‘मौत का कुवा’ आला. गावानं एका दिवसात त्याचं नाव ‘मौताची हीर’ करून टाकलं.

फळ्यांची उभी गोल विहीर. तळातून एकजण मोटारसायकल सुरू करायचा आणि गरागरा फिरत भिंतीवर चढायचा. वरच्या काठाला गोल माळा केलेला. लोकांनी तिथं उभं राहून खाली वाकून बघायचं. मोटारसायकल वर आली की सगळा माळा थरथरायचा. लोकांना तीच मजा वाटायची.

भाऊ पलटणीत हवालदार होता आणि जत्रेसाठी रजा काढून आला होता. आदल्या वर्षी पाळण्यापाशी चेंगराचेंगरी होऊन एका म्हातारीचा हात मोडला होता. म्हणून सरपंचांनी त्याला बोलावून घेतलं.

“आवं हवालदार, गर्दी तुमी बघा. बायांची रांग बाईंकडं देऊ,” ते म्हणाले. बाई म्हणजे मी.

भावानं सकाळीच मेखा ठोकून दोर बांधले. एका जिन्यानं वर चढायचं, दुसऱ्यानं उतरायचं. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. पहिल्या खेळाचं तिकीट आठ आणे होतं. पोलक्यातून, पदराच्या गाठीतून नाणी काढत बायका हसत वर गेल्या. काठावर माणूस माणसाला चिकटून उभं होतं.

खेळ सुरू असताना भाऊ माळ्याच्या खाली गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खाकी शर्टाला गंज लागला होता. तो गर्दीतून कुठंतरी जाऊन आला आणि मग मालकाच्या खुर्चीपाशी गेला. मालक परगावचा, जाड काचांचा चष्मा लावणारा माणूस. दोघं हिंदीत बोलत होते. मालक आधी मान हलवत राहिला, मग हसला आणि तिकीटवाल्याला हाक मारली. पुढच्या खेळाला तिकीट बारा आणे झालं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भाऊ बोलला आणि दर वाढला.

“बाई, आत्ता तर आठ आणं व्हतं,” रांगेतली एक म्हणाली.

“मला काय ठाऊक? मालकाला विचार.”

“मालकाला कोन इचारतंय? तुमचा भाऊच त्याच्या कानाला लागला व्हता.”

मी तिला गप्प केलं खरं, पण तिचं बोलणं मला चुकीचं वाटलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना मी त्याला विचारलं, “तिकीट का वाढलं रे?”

“गर्दी लय झाली,” तो म्हणाला आणि भाकरीकडं बघत राहिला. माझा भाऊ खोटं बोलताना जेवणाकडं बघतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर खडूनं एक रुपया लिहिलेला. मेंढरं घेऊन फिरणारी बरीच घरं त्या दिवशी देवाला आली होती. त्यातली एक बाई जावेला घेऊन माझ्याकडं आली. तिच्या मुठीत घामानं ओली झालेली नाणी होती.

“दोघींचं हुतंय का बघा की.”

होत नव्हतं. आदल्या दिवशी झालं असतं. मी तसं सांगितलं तेव्हा तिनं मूठ मिटली आणि जावेला म्हणाली, “आपुन खालनं आवाज ऐकू.” दोघी फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून बसल्या. मोटारसायकल गरजायला लागली की एकमेकींकडं बघून हसायच्या. मला ते बघवेना.

त्याच दुपारी मी तंबूमागं पाणी प्यायला गेले. तिथं मोटारसायकल चालवणारा आणि माझा भाऊ उभे होते. चालवणारा पंचविशीचा, सडसडीत, अंगाला पेट्रोलचा वास येणारा. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि वर्तमानपत्राची एक जड पुडी भावाच्या हातात दिली. भावानं ती पटकन खिशात घातली. खिसा खाली ओढला गेला. मी माठापाशी वाकून राहिले, पण मला जे बघायचं ते बघून झालं होतं.

मनात सगळा हिशेब जुळला. आठ आण्यांचा रुपया कसा झाला, मालक का हसला, भाऊ जेवणाकडं का बघत होता. बापाच्या माघारी ज्यानं मला सांगलीला ठेवून मास्तरकीचं शिक्षण दिलं, तो मेंढक्या बायांच्या मुठीतून पैसे काढतोय. घरी आल्यावर आईला सांगावंसं वाटलं, पण आई त्याच्यासाठी पुरण वाटत बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आडावर गेला आणि मी ट्रंक उघडली. पुडी कपड्यांखाली होती. सोडली तर आत चार बोल्ट निघाले. बोटाएवढे जाड, गंजलेले. दोघांचे आटे पार झिजून गुळगुळीत झाले होते. एक मधेच तुटलेला होता आणि तुटलेली जागा काळी पडली होती, म्हणजे तो आज-काल तुटलेला नव्हता.

मी तशीच बसून राहिले. पावलं ऐकू आली तरी पुडी बांधायचं सुचलं नाही. भाऊ ओल्या अंगानं दारात उभा राहिला. ट्रंकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“पैसं हुडकत व्हतीस?”

मी उघडी पुडी त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं शर्ट घातला आणि माझ्यासमोर बसला. “माळ्याच्या खालचं हायत. निखळून पडल्यालं त्या पोरानंच गोळा करून दिलं. तोच हिरीत गाडी चालवतोय, त्याला सगळं ठावं हाय. मालक नवं आनत न्हाई.”

“मग खेळ बंद कर की.”

“पहिल्याच दिवशी सरपंचांकडं गेलो. म्हनाले, देवाच्या दारात असलं वंगाळ बोलू नका, जागंचं भाडं घेतलंय. मालकाला म्हनलं, निम्मीच मानसं वर घे. तो ऐकंना. मग म्हनलं, दर वाढीव, मानसं आपसूक कमी हुतील आन् तुझंबी नुकसान न्हाई. हे त्याला लगेच पटलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू रांगंत उभी. तुझ्या तोंडावर दिसलं असतं. एक बाई घाबरली की शंभर पळत्यात, आन् मोडक्या माळ्यापरीस पळापळीत जास्त मरत्यात.” मग तो म्हणाला, “पर तुला वाटलं मी खाल्लं.”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्याचा बेत पहिले दोन दिवस चालला होता. रुपया झाल्यावर माळा निम्मा रिकामा राहायचा. पण तिसऱ्या दिवशी तोच बेत उलटला. आठाचे बारा आणि बाराचा रुपया झालेला लोकांनी पाहिला होता. दुपारपर्यंत कुणीतरी उठवलं की संध्याकाळच्या खेळाला दोन रुपये होणार. म्हणजे बघायचं ते आत्ताच बघायचं. कालपर्यंत परवडत नाही म्हणून बसलेली माणसंसुद्धा उसनेपासने करून आली. ऊन कलायच्या आत दोराच्या अलीकडं मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि मालक खुर्चीतून उठून हसत तिकिटं फाडत होता.

“बंद कर,” भाऊ त्याला म्हणाला. मालकानं न ऐकल्यासारखं केलं. भाऊ वर चढला आणि दोन्ही हातांनी एक दोर आडवा ताणून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. वर आधीच पन्नास-साठ माणसं होती. त्यांना तो दुसऱ्या जिन्यानं दहा-दहाच्या टोळीनं उतरवायला लागला.

खालच्यांना फक्त एवढंच दिसलं की पैसे घेऊन आपल्याला अडवलंय. मागून पुरुषांनी रेटा दिला. दोर ताणला, एक मेख उपटली आणि सगळा रेटा बायकांच्या रांगेवर आला. माझी छाती जिन्याच्या कठड्यावर दाबली गेली. शेजारी ती कालची मेंढकी बाई होती. आज तिनं कुठून तरी रुपया आणला होता.

“मागं सरा,” मी ओरडले. कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी मागं सरायला जागा नव्हती.

वर्गात साठ पोरं एकदम उठली की मी काय करते, ते मला त्या क्षणी आठवलं. मी खाली बसले. मातीत, लोकांच्या पायांत. आणि त्या बाईचा हात धरून ओढला. “बस. खाली बस.”

“चिरडशीला, बाई.”

“बस म्हणते ना. सगळ्याजणी बसा.”

ती बसली आणि तिनं जावेला ओढलं. मागची बसली, तिच्या मागची बसली. बघता बघता चाळीस-पन्नास बायका मांडी घालून मातीत बसल्या. मागच्या पुरुषांना पुढं येता येईना. बसलेल्या बाईच्या अंगावर पाय देऊन जायला त्यांना लाज वाटली. पहिल्या ओळीतले थबकले, ते थबकले म्हणून त्यांच्या मागचे थबकले. रेटा सुटला. मला श्वास घेता आला.

वरची शेवटची टोळी उतरत असताना माळ्याचा एक कोपरा कडाडला आणि वीतभर खाली बसला. वर तेव्हा चारच माणसं होती. एकाचा पाय मुरगळला, बाकीची कठडा धरून खाली आली. भाऊ सगळ्यांत शेवटी उतरला. त्याच्या हाताच्या दोन्ही तळव्यांना दोरानं फोड आले होते.

तेवढ्यात चालवणारा पोरगा फळीवर चढून म्हणाला की इंजिन बसलंय, आता खेळ होणार नाही, तिकिटं परत द्या. माळ्याचं त्यानं काही सांगितलं नाही. मालक त्याच्याकडं डोळे फाडून बघत होता. पण भाऊ गल्ल्यापाशी जाऊन उभा राहिला होता. बायकांचे पैसे मी रांगेनं परत केले. मेंढक्या बाईनं रुपया दोनदा उलटसुलट करून बघितला.

“खोटा न्हाई न्हवं?” तिनं विचारलं.

सरपंच आले तेव्हा भावानं त्यांच्या हातावर बोल्ट ठेवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “ह्ये कुनाला दावू नका, हवालदार.”

“दावनार हाय,” भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते चारही बोल्ट देवळासमोरच्या कट्ट्यावर मांडले. लोक येऊन बघून गेले. काहीजणांनी हातात घेऊन वजन केलं. दोघातिघांनी कान धरले. पण दुपारी पाणवठ्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की बोल्ट भंगारवाल्याकडनं आणलेत. वाटा जमला नाही म्हणून हवालदारानं खेळ मोडला आणि आता सोंग करतोय.

पुढच्या वर्षी पंचायतीनं प्रत्येक खेळाचा दर आणि किती माणसं सोडायची ते पाटीवर रंगवून लावलं. मौताची हीर पुन्हा आमच्या गावात आली नाही. सरपंचांनी भावाचं नाव मात्र कुठं घेतलं नाही.

रजा संपल्यावर मी त्याला एसटीपर्यंत पोचवायला गेले. वाटेत म्हणाले, “माझं चुकलं.”

“चुकलं न्हाई,” तो म्हणाला. “मी लपीवलं, तू वळकलंस. पर आधी इचारायचं व्हतं गं.”

मी विचारलं होतं आणि तो भाकरीकडं बघत राहिला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्याची पत्रं आईच्या नावानं यायची. माझ्यासाठी शेवटी एक ओळ असायची, तब्येत सांभाळ म्हणून. पुढच्या दिवाळीला तो घरी आला, माझ्या शाळेत येऊन मागच्या बाकावर तासभर बसला आणि मुलांना कवायत शिकवून गेला. तेव्हापासून आमचं पहिल्यासारखं झालं.

गावाचं मात्र झालं नाही. अजूनही बाजारात भेटलेलं एखादं म्हातारं माणूस मला बाजूला घेऊन विचारतं, “बाई, आता समदं जुनं झालं, खरं सांगा. तुमच्या भावानं तवा त्या मालकाकडनं किती घेतलं?”

मी दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगते, झिजलेल्या आट्यांपासून खाली बसलेल्या बायकांपर्यंत. ते शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात, आणि म्हणतात, “व्हय, व्हय. पर काहीतरी घेतलं असंलच की.”