काशी नव्हे, व्हिएतनाम

माझ्या हृदयात स्प्रिंगा बसवलेल्या आहेत, गुडघे कामातून गेलेत आणि जी साखर चहात घालायला मला बंदी आहे ती रक्तात मुबलक आहे. अशा बाईने सत्तरीला टेकल्यावर व्हिएतनामला जायचं म्हटलं की लोक हसणार, हे मी धरूनच चालले होते. हसणाऱ्यांना द्यायची उत्तरंही तयार ठेवली होती. पण गाव हसलं नाही. गावाने सरळ मला निरोप द्यायला सुरुवात केली.

व्हिएतनामच का, ते आधी सांगते. मी जन्मभर भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये शिक्षिका होते. भिंतीवर आशियाचा नकाशा टांगून ‘भात पिकवणारे देश’ शिकवायचे. समोरची पोरं सकाळी धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातूनच शाळेत आलेली, पायांवर चिखल वाळलेला. एकदा एका पोरीने विचारलं, “बाई, तिकडच्या बायाबी मागं मागंच सरकतेत का रोवताना?” आमच्याकडे धानाच्या लावणीला रोवणी म्हणतात. बाई वाकून रोपं खोचते आणि एकेक पाऊल मागे घेते. मी म्हटलं, “पाहून येते आणि सांगते.” सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले, पण ते मनातून गेलं नाही.

पुढे मोबाइल आला आणि उत्तर घरबसल्या मिळालं. तिकडच्या बायाही मागेच सरकतात, डोक्यावर तेवढ्या निमुळत्या टोप्या. पण मोबाइलवर काही चिखलाचा वास येत नाही. मला तिकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहायचं होतं. आधी मुलाचं शिक्षण, मग घर, मग यजमानांचं आजारपण. ते गेले आणि लगेच माझ्या हृदयाने डोकं वर काढलं. म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. माझे चणे आले तेव्हा दात खरंच डॉक्टरांच्या हवाली होते.

नागपूरच्या डॉक्टरांना भीत भीत विचारलं. त्यांनी तपासण्या पाहिल्या, गोळ्या बदलल्या आणि म्हणाले, “जा. विमानात मधूनमधून उठून चाला, विमानतळावर व्हीलचेअर घ्या, लाजू नका. पण व्हिएतनाममध्ये पाहणार काय?”

“धान,” मी म्हटलं.

“भंडाऱ्यात कमी पडलं का?” ते हसत सुटले. मला राग आला नाही. प्रश्न रास्त होता.

मुलाने माघातल्या एका सहलीत माझं नाव घातलं. तेव्हा तिकडे रोवणी चालू असते, ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती. तो नागपूरला नोकरीला असतो, मी गावी एकटी. ही बातमी मी पिठाच्या गिरणीवर सांगितली, तिथेच माझं चुकलं. “लांब चालली म्हणे, विमानानं,” एवढंच गिरणीतून बाहेर पडलं. आता आमच्या गावात म्हातारं माणूस लांब जातं ते एकाच ठिकाणी, काशीला. आणि काशीला जाणाऱ्याची रीत ठरलेली आहे. लोक नारळ घेऊन येतात, पाया पडतात आणि ‘चुकलंमाकलं माफ करा’ म्हणतात. पूर्वी काशीहून परत येण्याची खात्री नसायची. आता लोक रेल्वेने जाऊन आठवड्यात येतात, पण रीत काही रेल्वेबरोबर बदलली नाही.

तेव्हा अजून पासपोर्टही माझ्या हातात पडला नव्हता. तरी पहिला नारळ आला. शेजारच्या वहिनी पदर डोळ्यांना लावूनच आत शिरल्या. मी म्हटलं, “वहिनी, मी फिरायला चालले.”

“हो जी, सगळे फिरालेच जातेत,” त्या म्हणाल्या आणि पाया पडल्या.

मग रांगच लागली. ज्यांना मी पाढे शिकवले ते बाप्ये आता नातवंडांना घेऊन आले आणि त्यांना माझ्या पायांवर घातलं. एका चुलतदिराने तर कमाल केली. नारळ ठेवला, बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, “वहिनी, तुमच्या बांधीचा धुरा मी थोडासा सरकवला होता. दादा असताना. मनात ठेवजा नोका.” मला ते ठाऊकच नव्हतं! आता मी यावर रागवावं की त्याला माफ करावं? मी चहा ठेवला. माफी मागून तो हलका होऊन गेला. धुरा मात्र अजून तिथेच आहे.

सुरुवातीला मला मजा वाटत होती. जिवंतपणी आपल्या तेराव्याची भाषणं ऐकायला मिळणं हे काही थोडं भाग्य नाही. पण रोज कोणी ना कोणी तुमच्याकडे शेवटचं पाहिल्यासारखं पाहू लागलं की ते अंगात भिनतं. मी उठता-बसता नाडी चाचपू लागले. देवघरापाशी नारळांची ओळ वाढत गेली आणि मला छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “औषधं चालू आहेत ना? मग हे मनाचं आहे.” मनाचं असलं तरी ते माझ्याच छातीत होतं.

मी खरोखर घाबरले होते. मरणाला नाही, तसं ते हल्ली ओळखीचं झालंय. पण जिथे माझी भाषा कोणाला येत नाही तिथे, हॉटेलच्या खोलीत, परक्या लोकांच्या हातून आपलं सगळं होणार, याला. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याला, यजमानांना अग्नी दिला. मलाही तिथेच न्यावं, अशी माझी इच्छा होती. एका दुपारी मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, “तिकीट रद्द कर.” तो म्हणाला, “आई, दोन दिवस विचार कर, मग करतो.” पोरगं शहाणं आहे.

दुसऱ्या दिवशी माझी मोठी बहीण आली. ती वैनगंगेच्या काठच्या गावात दिलेली. गोसीखुर्दच्या धरणात ते गाव गेलं आणि आता ती नव्या वसाहतीत राहते, सरळ रेषेत आखलेल्या घरांपैकी एका घरात. तिला दमा आहे. तरी एसटीने, दोन ठिकाणी गाडी बदलून आली. तीही नारळ घेऊन आली असणार, म्हणून मी पिशवीकडे पाहिलं. पिशवीत तिचा दम्याचा पंप आणि थोडी लाखोळीची डाळ.

ओळीने मांडलेले नारळ पाहून ती दारातच थांबली. “काय वं, दुकान टाकलं का?”

मी तिला सगळं सांगितलं. धुऱ्याचंही सांगितलं. ती खोकला लागेपर्यंत हसली. मग मी म्हटलं, “पण ताई, मी जात नाही. रद्द करायला सांगितलंय.”

“काहून?”

“भीती वाटते. तिकडे मेले तर? मला आपल्या तलावाखाली जायचंय, यांच्याजवळ.”

तिने पंप काढून दोन दम घेतले, तोंड पुसलं. मग म्हणाली, “माहा मानूस आमच्या घाटावर जाळला. आता त्या घाटावर किती पानी आहे, मले मालूम नाही. अवसेले मी धरनावर जाते. एवढं मोठं पानी, हात कुठी जोडावं तेबी समजत नाही. मंग सगळ्याच पान्याले जोडते अन् येते घरी.” तिने डाळीची पिशवी माझ्याकडे सरकवली. “मलेबी वाटे, आपन त्याच्याजवळच जाऊ. आता जागाच नाही राहिली तं कायले वाटून घेऊ? मी जिती आहो. सयपाक करते, टीव्ही पाह्यते. तुले धान पाह्याचं आहे ना तिकडचं? तं पाहून ये.”

मला रडू आलं. तिच्या घाटाचं मी इतक्या वर्षांत तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. लहानपणी रोवणीत मी मागे पडले की ती तिची ओळ सोडून माझ्या ओळीत घुसायची आणि मला शिव्या देत देत माझीही रोपं लावून टाकायची.

“अन् खरंच मेले तर?” मी नाक पुसत विचारलं.

“मंग मी येते ना संग. मी जाळीन तुले.”

“तू? विमानाने?”

“काहून, दमेवाल्यायले विमानात बसू देत नाही का?”

“आणि तूच गेलीस तर तिकडे?”

“तं तू आहेस.”

“आणि दोघीही एकदम गेलो तर?”

“मंग चिंता कराले राहिलं कोन?” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी मुलाला फोन लावला. म्हटलं, “रद्द करू नको. अजून एक तिकीट काढ. आणि मावशीच्या पासपोर्टचं आणि दम्याच्या डॉक्टरांचं तूच बघ.”

तो गोंधळला. “मावशी? मावशी कशाला?”

“मला जाळायला,” मी म्हटलं.