लाईट गेली की तारा थांबायचा

"अक्का, ह्या रिंगा खऱ्याच हायत ना?" महादेवीनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात मी संशोधन करणाऱ्यांची सॉफ्टवेअर सांभाळते. महादेवी मुडबी गावची, पीएचडी करायलेली. तिचा विषय जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. त्यातला एक दुसऱ्याचा गॅस ओढतो. गॅस सरळ आत पडत नाही. मोरीच्या भोकापाशी पाणी गरगरतं तसा गरगरत राहतो, त्याची चकती होते. ती चकती कॉम्प्युटरवर घडवून बघायची, हे तिचं काम.

तिच्या चकतीत काळ्या रिंगा पडल्या होत्या. आजवर कुणी न दाखवलेल्या. गाईड सर खूश. सेमिनारला हेच मांडायचं ठरलं होतं, थिसीसही त्यावरच उभा. मला मात्र त्यांची अंतरं खटकत होती. कुठं चिकटून, कुठं लांब, कशाला काही नेम नाही.

दुपारी लाईट गेली. रिवाजाप्रमाणे सगळे चहाला गेलो. परत येऊन तिनं चकतीच्या गणिताचा रन शेवटच्या सेव्हपासून पुढं सुरू केला. संध्याकाळी चकतीच्या कडेला नवी रिंग हजर. मला लाईटीचीच शंका आली.

कोड उघडला. गॅसची धार एकदम सोडली तर गणित कोसळतं, म्हणून सुरुवातीला ती शून्यापासून हळूहळू वाढवतात. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक रीस्टार्टला सुरुवातच समजायचं. लाईट आली की ताऱ्याचा नळ पुन्हा शून्यावर. तेवढा गॅस कमी, तेवढी काळी रिंग. ते लिहिणाऱ्यांच्या गावात लाईट जात नसावी.

"ह्या ताऱ्याच्या न्हाईत गं," मी म्हणाले. "आपल्या लाईटीच्या हायत."

तिचे डोळे भरले. मलाही फार वाईट वाटलं. "सरांना कुणी सांगायचं?" तिनं विचारलं.

"दोघी जाऊ."

कोड दुरुस्त केला. मुद्दाम रन तोडून पुन्हा चालवला. रिंग पडली नाही. तेच सरांना दाखवलं.

"म्हणजे हातात काहीच न्हाई?" सर वैतागले.

"हाय की, सर," महादेवी म्हणाली. "खोटी रिंग कशी पडती, ते हाय. लाईट जाणाऱ्या सगळ्या गावांना कामाला येईल."

सेमिनारला तिनं आधीचं रिंगांचं आणि दुरुस्तीनंतरचं, अशी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली. पुढच्या रांगेतून कुणीतरी हसत विचारलं, "तुमच्याकडं लाईट जाते तरी किती वेळा?"

महादेवीनं पहिल्या चित्राकडं हात केला. "रिंगा मोजून घ्या, सर."

आता नवीन काही दिसलं असं कुणी सांगत आलं, की मी आधी विचारते, काल लाईट होती का?