जुन्या के-टूच्या जागी

पंखे थांबले तेव्हा माझ्या तोंडात वालाच्या बिरड्याचा घास होता आणि मी स्वतःचंच कौतुक करत होतो. दोन्ही गोष्टी अर्ध्यावर राहिल्या.

मी जेवत होतो ताईच्या घरी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कुंभिवलीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की तिची पोल्ट्री लागते. शेड बंद प्रकारची आहे: दोन्ही अंगांना जाड पडदे आणि एका टोकाला भिंतभर पंखे. हे पंखे आतली गरम हवा बाहेर ओढतात म्हणून आतले पक्षी जगतात. पिल्लं लहान असताना पंखा थोडा वेळ बंद राहिला तरी चालून जातं. पण त्या दिवशी आतली बॅच तयार झालेली होती. अंगाने जड, स्वतःच्याच वजनाने दमलेले, चोच उघडी ठेवून बसणारे पक्षी. संध्याकाळी कंपनीची गाडी त्यांना उचलायला येणार होती. एप्रिलच्या दुपारी अशा पक्ष्यांचा वारा बंद झाला, तर चहाला उकळी येईपर्यंत ते माना टाकायला लागतात. ताईची इतक्या आठवड्यांची मेहनत त्या शेडमध्ये धापा टाकत बसली होती.

आणि पंखे कधी चालवायचे हे ठरवणारा बॉक्स माझा होता.

मी कर्जतला राहतो आणि हे बॉक्स बनवतो. शेडमध्ये नेऊन बसवण्याचं काम भावजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. खालापूरपासून भिवपुरीपर्यंत कितीतरी शेडमध्ये आमचा बॉक्स टांगलेला आहे. त्याच्या आत दोनपैकी एक बोर्ड असतो, जुना के-टू किंवा नवा के-फोर. के-टू साधा आहे. त्यात बॉक्सने ‘चल’ म्हटलं की पंखा चालतो. के-फोरचा स्वभाव मी मुद्दाम उफराटा ठेवला. त्याच्यात पंखे आपले आपणच चालतात, आणि बॉक्सने इशारा दिला तरच थांबतात. बॉक्स मेला तरी पंखे चालू राहावेत, ही त्यातली युक्ती. ही युक्ती मी ताईला इतक्या वेळा ऐकवली होती, की मी तोंड उघडलं की ती भांडी घासायला उठायची.

ताईचा बॉक्स हल्ली मध्येच अडकायचा. त्यावर मी नवं फर्मवेअर तयार केलं होतं, दोन्ही बोर्डांसाठी वेगवेगळं. फर्मवेअर म्हणजे बॉक्सच्या डोक्यातल्या सूचना. ते चढवण्यासाठी एक शेल स्क्रिप्टही लिहिली होती, म्हणजे लॅपटॉपने एकापाठोपाठ एक पाळायच्या आज्ञांची छोटी फाइल. प्रत्येक बॉक्सच्या पोटात त्याची ओळख सांगणारी एक ओळ असते. बसवताना भावजी ती टाइप करतात. स्क्रिप्ट बॉक्सला विचारायची, “तू कोण?” उत्तरात कुठेही के-टू सापडलं तर के-टूचं फर्मवेअर द्यायची. ते नाही सापडलं आणि के-फोर सापडलं, तर के-फोरचं. इतकी सुटसुटीत, की मी ती लिहून झाल्यावर आरशात पाहिलं होतं.

सुरुवात घरच्या शेडपासून करायची म्हणून मी सकाळीच पोचलो.

ताई म्हणाली, “गाडी जाऊ दे रं आधी, मग कर तुझं काय ते.”

“अगं, दुपारी अडकला म्हणजे? आत्ताच बरा करून टाकतो.”

फर्मवेअर चढलं आणि सगळे पंखे एकदम गर्जायला लागले.

“सकाळच्या गारव्यात एवढं पंखं कशाला?” ताईने विचारलं.

“नवीन आहे, जोशात आहे,” मी म्हणालो. त्या वाक्यावर मी हसलोसुद्धा! दैव मला दारात उभं राहून हाका मारत होतं आणि मी त्याला बसायला पाट देत होतो.

तर, बिरड्याचा घास. ताई वाढता वाढता थांबली. तिचा हात तसाच हवेत.

“पंखं गप झालं.”

पुढच्या क्षणी ती घरात नव्हती. मी उष्ट्या हाताने लॅपटॉप उचलून अनवाणी धावलो. शेडचं दार उघडताच अंगावर जी वाफ आली, तिने मी दोन पावलं मागे सरलो. हजारो चोची उघड्या. पंख अंगापासून फाकलेले. एरवी कलकल करणारी शेड फक्त धापा टाकत होती. भावजी एका बाजूचे पडदे दोरीने वर ओढत होते, ताई दुसऱ्या बाजूचे. बाहेर वाऱ्याचा पत्ता नव्हता. पंखे हाताने सुरू करायचं बटण उंदरांनी वायर कुरतडल्यापासून नावालाच उरलेलं.

“मेव्हणे, करा काहीतरी!” भावजी ओरडले.

खाद्याच्या गोण्यांवर लॅपटॉप ठेवून मी बॉक्सला विचारलं, तू कोण? बॉक्सने इमानदारीत उत्तर दिलं. इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल मराठीत:

K4, JUNYA K2 CHYA JAGI.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. माझा जबडा कोंबड्यांच्या चोचींशी स्पर्धा करायला लागला.

“भावजी, हे काय लिहिलंय तुम्ही?”

“मंग? के-फोरच हाय त्यो. हितला के-टू जळला, त्याच्या जागी ह्यो बसवला. मागनं येनाऱ्याला कळाया नको?”

ते चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटेना. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची ओळख तिच्या आधीच्या गोष्टीवरून देतात. मोबाइलचं दुकान कुठे, तर जुन्या गिरणीत. दवाखाना कुठे, तर जिथे पूर्वी लाकडाची वखार होती तिथे; वखार पाहिलेली माणसं आता मोजकीच. भावजींच्या अंगणातल्या कुत्र्यालाही अजून ‘आधीच्या कुत्र्याच्या जागचा’ म्हणतात. मग बोर्डाने काय घोडं मारलंय? आणि माझी हुशार स्क्रिप्ट त्या ओळीत के-टू शोधत गेली, तिला ते सापडलं, आणि आनंदाने तिने के-फोरच्या डोक्यात के-टूची अक्कल भरली. गारव्यात बॉक्स गप्प होता, म्हणून पंखे चालले. ऊन तापल्यावर तो जीव तोडून ‘चला, चला’ म्हणत होता, आणि के-फोरला ते ‘थांबा, थांबा’ असं कळत होतं.

“ताई, बॉक्सची पिन काढ!”

“काय?”

“वीज तोड त्याची!”

“पंखं बंद पडल्यात आन् तू वीज तोडाया सांगतोस? डोकं फिरलं का रं तुझं?”

“फक्त बॉक्सची! पंख्यांची नाही! काढ गं!”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी मी तिच्या वेणीला बैलाचं दावं बांधलं होतं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग तिने बॉक्सची वायर धरली आणि हिसडा मारला. पिन सॉकेटातून उपटून निघाली.

एक पंखा कण्हला. मग दुसरा. मग भिंतच्या भिंत गरगरायला लागली, पिसं आणि भुसा उडून माझ्या खरकट्या हाताला चिकटला, आणि मी गोणीवर बसलो तो लॅपटॉपवर बसता बसता वाचलो.

शेडच्या मधल्या भागातले काही पक्षी गेले होते. ताईने ते उचलून बाहेर नेले.

मी तिथेच स्क्रिप्ट बदलली. आता पूर्ण ओळ नुसत्या ‘K2’ किंवा ‘K4’शी अक्षर न् अक्षर जुळली तरच फर्मवेअर द्यायचं, नाहीतर बॉक्सला हात न लावता परत यायचं.

“झालं, ताई. दे पिन, भावजींची ओळ बदलून लगेच बरा करतो.”

“नाय.”

तिने प्लास्टिकची खुर्ची आणली, शेडच्या दारात मांडली, वायरीचं टोक मुठीत धरलं आणि बसली.

“बॉक्स मेला तरी पंखं चालतात, तूच सांगतोस ना उठता बसता?”

“हो, पण...”

“मंग मेलेला ऱ्हाऊ दे त्याला. गाडी जाईस्तवर.”

माझी लाडकी युक्ती, माझ्याच तोंडावर! भावजी तोंडाला टॉवेल लावून खोकल्याचं नाटक करत होते.

गाडी आली. पिंजरे भरले, चढवले. ताईने सगळं बसल्या जागेवरून पाहिलं. तिने पाणीही खुर्चीतच मागवलं, पण मूठ सोडली नाही. भरलेली गाडी हायवेकडे वळल्यावर मी पुन्हा विषय काढला. भावजींना म्हटलं, तेवढं जुन्याचं नाव ओळीतून काढून टाका. ते म्हणाले, “मी खोटं काय लिवलंय?” शेवटी मी हरलो. स्क्रिप्टमध्ये भावजींची अख्खी ओळ, स्वल्पविरामासकट, जशीच्या तशी लिहून घेतली.

“आता जुळंल?” ताईने विचारलं.

“जुळेल.”

तिने एकदा मागे वळून रिकाम्या शेडकडे पाहिलं आणि मग वायर माझ्या हातात दिली. पिन घामाने ओली झाली होती.

“मंग लाव आता. आत एक जीव नाय.”