मालूबाईंचा कॅमेरा आणि सोजरबाईंची सातवी लाटी

राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मालूबाईंचं घर. वर त्या एकट्या, खाली अंगणाभोवती भाड्याच्या तीन खोल्या. गुडघे धरायला लागल्यापासून त्यांचं खाली उतरणं कमी झालं होतं आणि त्यामुळे भाडेकरू शेफारले, असं त्यांचं ठाम मत होतं. इंदूरला नोकरी करणाऱ्या विनायकने, त्यांच्या मुलाने, दिवाळीत अंगणाच्या भिंतीवर कॅमेरा बसवून दिला. खालचं सगळं वर त्यांच्या आणि तिकडे त्याच्या मोबाइलवर दिसायचं आणि मोबाइलवर बोललं की आवाज कॅमेऱ्यातून निघायचा. ही सोय खरं तर चोर हाकलायला होती. पण त्या गल्लीत चोर कशाला तडफडायला येतोय! मग मालूबाईंनी भाडेकरूंवर भागवलं.

"नळ कोन बंद करीन वं?" भिंत ओरडायची. "रमेश, रांगोळीवर स्कूटर लावू ऱ्हायला तू!" दूधवाला तर पहिल्या दिवशी हातातलं माप टाकून पळाला होता.

सगळ्यात जास्त बोलणी खायची ती वंदना, याच रमेशची बायको. बाई मनाने मोकळी, पण भाडेकरू म्हणून डोक्याला ताप. तिचं माहेर असीरगढचं. तिकडून कुणी दवाखान्यात आलं की मुक्काम हिच्या एका खोलीत. ओले कपडे खुशाल मालूबाईंच्या दोरीवर. बोललं की "हो मावशी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. होळी झाल्यावर मालूबाईंनी तिला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. तेवढ्यावर भागलं नाही. 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी रंगवून आणली आणि वंदनाला येता-जाता दिसेल अशी जिन्याशी उभी करून ठेवली.

त्याच आठवड्यात वंदनाचे उडदाचे पापड निघाले. या गल्लीत पापड कुणी एकटीने लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं, पाय पसरून बसायचं आणि सासवांचा उद्धार करत लाटायचं. मजुरी म्हणजे लाट्या. पापडाच्या पिठाचा छोटा गोळा तेलात बुडवून तोंडात टाकायचा. किती खाव्यात याला धरबंध नाही आणि कुणी कुणाच्या मोजायच्या नाहीत, हा तिथला कायदा.

मालूबाई वरून मोबाइलवर सगळं पाहत होत्या. त्या दिवशी गुडघे धरल्यामुळे उतरता येत नव्हतं, तोंडाला पाणी सुटलं होतं, खाली हशा पिकत होता. राहवलं नाही त्यांना. "सोजरबाई, सातवी लाटी झाली वं ही! वंदनाकडे पापड उरतीन का नाई?"

भिंत बोलली आणि अंगणातली लाटणी थांबली. सोजरबाई मालूबाईंच्याच वयाच्या, तीस वर्षांची मैत्रीण. त्यांनी हातात घेतलेली पुढची लाटी परत परातीत ठेवली, नळावर तेलकट हात धुतला आणि पोळपाट काखेत मारून निघून गेल्या. बाकीच्यांनी राहिलेले पापड एकही लाटी न खाता लाटले.

आठवड्याने मालूबाईंची पाळी. पाच किलोचं पीठ सकाळीच भिजवून, तेल लावून कुटून घेतलं होतं. एकेक पायरी उतरत त्या अंगणात आल्या, चटया अंथरल्या आणि वाट पाहत बसल्या. आठ वाजले, नऊ वाजले. बायका फाटकाशी येत, वर कॅमेऱ्याकडे पाहत, पदर सावरून पुढे जात. मालूबाईंनी पिठावर दोनदा ओलं फडकं बदललं. पिठाचा दगड व्हायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं. निम्म्या गल्लीला पापड लाटायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि आज त्यांच्या अंगणात लाटणं वाजत नव्हतं. त्यांना रडू येईल असं वाटलं.

वंदना कपडे वाळत घालायला आली. मालूबाईंच्याच दोरीवर.

"कोन येऊ ऱ्हायलं नाई वं," मालूबाई म्हणाल्या.

"कशा येतीन मावशी? इसके सामने?" वंदनाने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "तोंडात घास घालावा तं वरून हिशोब."

"मजाक केली व्हती मी."

"मजाक समोर बसून करतात, मावशी. वरून नाई."

एरवी मालूबाईंनी तिला उभी सोलली असती. आज मात्र खरंच लाज वाटली त्यांना. त्या उठल्या, जिन्याशी गेल्या आणि पाटी घेऊन आल्या.

वंदनाचा चेहरा उतरला. "आत्ताच लावता? अजून आठ दिवस आहेत ना मावशी."

"स्टूल आण. चढ. मला चढता येतं का?"

वंदना स्टुलावर चढली. आपलीच खोली भाड्याने लावणारी पाटी हातात धरून तिने विचारलं, "कुठं टांगू? फाटकावर?"

"त्या कॅमेऱ्यावर टांग. झाकला पायजे पुरा. अन् अक्षरं भिंतीकडं कर."

वंदना स्टुलावरच थबकली. मग पाटी टांगली, उडी मारून उतरली आणि तशीच ओल्या हातांनी घरोघर पळाली. दहा मिनिटांत फाटकाशी पोळपाटं खडखडली. विनायकचा फोन आला, कॅमेऱ्यात नुसता अंधार दिसतोय म्हणून. "दिसू दे. हात पिठात आहेत," म्हणत मालूबाईंनी बंद केला.

सोजरबाई सगळ्यात शेवटी आल्या. पाटीकडे पाहिलं, जागा पाहून बसल्या, पोळपाट पुढ्यात आपटलं. मालूबाईंनी चांगला मोठा गोळा तोडला, तेलात बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या सोजरबाई, पहिली लाटी तुमची."

सोजरबाईंनी ती तोंडात टाकली, सावकाश चावली, बोटाचं तेल चाटलं.

"पहिली कशी वं?" त्या म्हणाल्या. "आठवी."